अहवाल वाचता न येणाऱ्या बायांसाठी : सुमित्रा भावे यांचा चित्रपटप्रवास

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या झाडीपट्टीत नाटकाचे वेड कोणाला शिकवावे लागत नाही. दिवाळी आटोपली की गावोगावी मंडई भरते आणि रात्री मंडपात नाटक उभे राहते. माणसे तिकीट काढून, चादरी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. दंडारीत बाईचे काम पुरुषानेच करायचे हा जुना रिवाज, आणि आमच्या आजोबांच्या पिढीला त्यात काही वावगे वाटले नाही. चित्रपटाची सुरुवातही अशीच झाली. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. पुढे 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. बाई पडद्यावर आली खरी; पण पडद्यामागे उभे राहून 'असे करा, तसे करू नका' असे सांगण्याचा अधिकार तिला फार उशिरा मिळाला. १९२६ साली फातमा बेगम यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. त्यानंतर कित्येक वर्षे अशी नावे बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. मराठी घरांतून सई परांजपे आल्या. त्यांचे 'स्पर्श', 'चश्मे बद्दूर' आणि 'कथा' पुष्कळांना ठाऊक असतील. विजया मेहता रंगभूमीवरून चित्रपटाकडे वळल्या. या दोघींच्या मागे नाटकाची मोठी पुण्याई होती.

मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्या सुमित्रा भावे मात्र नाटकाच्या वाटेने आल्या नाहीत. चित्रपटाचे शिक्षण त्यांनी कुठल्याही संस्थेत घेतलेले नव्हते. त्या आल्या आपल्याच विषयातून, म्हणजे समाजशास्त्रातून. आपण वर्गात ज्याला 'क्षेत्रीय पाहणी' म्हणतो, ती करता करता त्यांच्या हाती कॅमेरा आला. समाजशास्त्राच्या तासाला आमच्या मॅडमनी ही गोष्ट ओझरती सांगितली तेव्हापासून मला हे नाव सोडवेना. मोठ्या शहरातल्या, चांगल्या शिकलेल्या घरातल्या बाईची गोष्ट आपल्याला इतकी जवळची का वाटावी, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारत होते. तो प्रश्नच या लेखाचे कारण आहे.

सुमित्राबाईंचा जन्म १२ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात त्या शिकल्या. पुढे पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र व समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याचे शिक्षण घेतले. मधल्या काळात दिल्लीच्या आकाशवाणीवर त्या मराठी बातम्या देत असत. नंतर पुण्यातील कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी सुमारे दहा वर्षे शिकवले. इथपर्यंतचे त्यांचे आयुष्य एखाद्या हुशार प्राध्यापिकेचे असावे तसेच आहे. चाळिशी ओलांडेपर्यंत त्यांनी एकही चित्रपट केला नव्हता. आपल्याकडे चाळिशीतल्या बाईने आता सुनेची वाट पाहावी अशी अपेक्षा असते. त्या वयात सुमित्राबाईंनी नवा धंदा हाती घेतला, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते.

हे घडले कसे? १९८०च्या सुमारास त्या झोपडपट्टीतील दलित स्त्रियांच्या जगण्याचा अभ्यास करीत होत्या. या बायांनी स्वतःविषयी काय म्हटले ते ऐकायचे आणि लिहून काढायचे, असे ते काम होते. त्यातल्या आठ जणींची कथने पुढे पुस्तकरूपाने आली. गेल ऑम्वेट यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९८८ साली ते 'पॅन ऑन फायर' या नावाने प्रसिद्ध झाले. संशोधक म्हणून एवढ्यावर कोणीही समाधान मानले असते. पण सुमित्राबाईंना एक गोष्ट खटकत होती. ज्या बायांनी आपले आयुष्य उघडे करून सांगितले, त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्याविषयीचा अहवाल विद्यापीठात वाचला जाणार, परिषदांत त्यावर चर्चा होणार, आणि ज्यांचे तो बोलणे आहे त्यांच्या हाती मात्र काहीच पडणार नाही. मग हे ज्ञान त्यांच्याकडे परत कसे न्यायचे? ज्याला वाचता येत नाही त्याला पाहता येते आणि ऐकता येते. म्हणून चित्रपट. पडद्यावर आपल्यासारखीच बाई दिसली, आपल्यासारखी बोलली, तर पाहणारी बाई स्वतःच्या जगण्याकडे थोडे दुरून पाहू शकेल, हा त्यांचा विचार होता.

येथे मला थोडे माझे सांगणे भाग आहे. गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी आमच्या मोहल्ल्यातील विडी वळणाऱ्या बायांची पाहणी केली. भंडारा जिल्ह्यात तेंदूपत्ता आणि विडी यांचा पसारा किती आहे हे इथल्या वाचकांना सांगायला नको. दुपारच्या वेळी परसात मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई हे आमच्या गावचे नेहमीचे दृश्य. माझी माय त्यांतलीच एक. हजार विड्यांमागे मजुरी, पान ओले किंवा फाटके निघाले तर तोटा बाईचा, आणि मोजणीत सट्टेदाराने बाजूला काढलेल्या विड्यांचा हिशेब विचारायचा नाही, हे सगळे मी प्रश्नावलीच्या रकान्यांत भरले. तक्ते केले, टक्केवारी काढली. बांधून आणलेला प्रकल्प मी मोठ्या हौसेने मायला दाखवला. तिने हात पदराला पुसून तो घेतला, पाने उलटली, आणि म्हणाली, "बाई, आमच्याबद्दलच लिवलंस ना? मंग थे आमाले वाचता येत नाई, त लिवलंस कोनासाठी?" मला उत्तर सुचले नाही. मी तिला दोन पाने वाचून दाखवली. 'प्रतिसादक', 'सामाजिक-आर्थिक स्तर' असे शब्द आले की ती माझ्याकडे बघायची. तिसऱ्या पानाला चुलीवर ठेवलेली डाळ उतू गेली आणि आमचे वाचन थांबले.

सुमित्राबाईंसमोर जो प्रश्न होता तो हाच. त्याचे उत्तर म्हणून १९८५ साली 'बाई' हा लघुपट तयार झाला. झोपडपट्टीत राहणाऱ्या आणि दारिद्र्याशी, संसाराशी झुंजत उभ्या राहिलेल्या एका बाईची ही कहाणी. कॅमेरा कुठे ठेवावा, दृश्य कुठे तोडावे, हे सारे त्या काम करता करता शिकल्या. या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८७ साली 'पाणी' आला. गावातल्या बाया पाण्यासाठी एकत्र येतात, एवढाच त्याचा विषय, आणि त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तलावांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला पाण्याचे असे हाल समजणार नाहीत असे वाटेल. परंतु उन्हाळ्यात बोअर आटली की हंडा कोणाच्या डोक्यावर येतो हे आपल्यालाही माहीत आहे.

याच सुमारास पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर त्यांच्याबरोबर काम करू लागले. वयाने ते सुमित्राबाईंहून पुष्कळ लहान. तरीही पुढची तीन दशके आणि त्याहून अधिक काळ 'सुमित्रा भावे – सुनील सुकथनकर' हे नाव जोडीनेच येत राहिले. एका चित्रपटाला दोन दिग्दर्शक कसे, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. ढोबळमानाने सांगायचे तर कथा, पटकथा आणि संवाद बहुतेक वेळा सुमित्राबाईंचे असत. सुनील सुकथनकर दिग्दर्शनात बरोबरीने असत आणि गाणीही लिहीत. पात्रांनी कोणते कपडे घालावेत, घरात कोणती भांडी असावीत, भिंतीचा रंग कसा असावा, याकडे सुमित्राबाईंचे बारीक लक्ष असे. मला वाटते, ही सवय पाहणीतूनच आलेली असणार. पाहणीला गेलेला माणूस आधी घर बघतो. चूल कशी आहे, फडताळावर काय आहे, पाण्याचे भांडे कुठे ठेवले आहे, यावरून त्याला माणसे कळू लागतात.

१९९२च्या 'चाकोरी'त नवऱ्याने टाकलेली एक तरुण मुलगी सायकल चालवायला शिकते. सायकल शिकणे ही काय चित्रपट करण्याजोगी घटना आहे, असे शहरात कोणी म्हणेल. आमच्याकडे म्हणणार नाही. मी आठवीत गेले तेव्हा मला सायकल मिळाली आणि तीन किलोमीटरवरची शाळा सुटली नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी सायकल नव्हती. तिची शाळा सातवीलाच सुटली.

आता 'दोघी'विषयी. हा त्यांचा पहिला मोठा कथापट, १९९५ सालचा. माझ्या मते त्यांच्या सर्व कामात हा चित्रपट अग्रस्थानी ठेवावा. एका गरीब गावातल्या दोन बहिणी, गौरी आणि कृष्णा. गौरीच्या लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाला अपघात होतो, नवरा मुलगा जातो. गौरी अपशकुनी ठरते. त्या धक्क्याने वडील अंथरुणाला खिळतात आणि घर उपासमारीला लागते. मग मामा थोरलीला मुंबईला घेऊन जातो. तिथे ती कोणता व्यवसाय करते हे घरात कोणी उघड बोलत नाही, पण तिने पाठवलेल्या पैशावर घर चालते. त्याच पैशावर धाकटीचे लग्न ठरते. लग्नासाठी गौरी घरी येते, तेव्हा आईला भीती वाटते की ही चारचौघांत दिसली तर धाकटीचे लग्न मोडेल. ज्या मुलीच्या पैशावर मांडव उभा राहिला, तिनेच मांडवात यायचे नाही. गौरीचे काम रेणुका दफ्तरदार यांनी, कृष्णेचे सोनाली कुलकर्णी यांनी आणि आईचे उत्तरा बावकर यांनी केले आहे. सदाशिव अमरापूरकर यांनी मामा उभा केला आहे. हिंदीत त्यांना खलनायक म्हणून पाहिलेल्यांनी हे काम मुद्दाम पाहावे. सामाजिक प्रश्नावरील उत्कृष्ट चित्रपट म्हणून 'दोघी'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याच चित्रपटातील गाण्यासाठी अंजली मराठे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुरस्कारांची यादी कोणत्याही पुस्तकात सापडेल. मला सांगायचे आहे ते वेगळे. मी हा चित्रपट दोनदा पाहिला. एकदा महाविद्यालयातल्या मैत्रिणींबरोबर आणि एकदा घरी, मोबाईलच्या छोट्या पडद्यावर, माय आणि शेजारच्या दोन काकूंबरोबर. मैत्रिणींना आईचा फार राग आला. "अशी कशी आई?" असे सगळ्या म्हणत होत्या, आणि मीही म्हणत होते. घरी मात्र चित्रपट संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक काकू म्हणाल्या, "माय बी का करन? दुसरी पोरगी त हायेच ना घरात." त्यांनी आईला माफ केले असे नाही, पण तिच्या जागी बसून पाहिले. सुमित्राबाईंच्या चित्रपटांत सहसा कोणी सरळसरळ दुष्ट नसतो. दोष माणसाच्या मागे उभ्या असलेल्या रीतीत, भुकेत, भीतीत असतो. पाहणी करणाऱ्याने उत्तर देणाऱ्याला चूक-बरोबर ठरवायचे नसते, आधी ऐकून घ्यायचे असते, असे आम्हांला पहिल्या वर्षी शिकवतात. ते वाक्य मी परीक्षेत लिहून आले होते. त्याचा अर्थ मला काकूंच्या त्या बोलण्यात कळला.

२००२ साली त्यांचे दोन चित्रपट आले, 'वास्तुपुरुष' आणि 'दहावी फ'. जाणकार मंडळी 'वास्तुपुरुष'ला वरचे स्थान देतात, आणि त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. जमिनी गेलेल्या एका देशपांडे घराण्याचा मोडकळीस आलेला वाडा, पुरलेले धन शोधणारा काका, आणि मुलाने डॉक्टर होऊन गोरगरिबांची सेवा करावी म्हणून जिवाचे रान करणारी आई असे त्याचे कथानक आहे. नागपूरचे आपले नाटककार महेश एलकुंचवार यांनी त्यात मोठेपणीच्या डॉक्टरची भूमिका केली आहे. चित्रपट देखणा आहे, उत्तरा बावकरांची आई विसरता येत नाही. तरी एक गोष्ट मला मोकळेपणाने मांडायची आहे. आपला जिल्हा मालगुजारीचा होता. १९५१ साली मालगुजारी गेली. तेव्हा इकडेही असे वाडे ओस पडले. परंतु माझे पणजोबा वाड्याच्या आत नव्हते, ते वाड्याच्या बांधीत रोवणी करणारे होते. 'वास्तुपुरुष' पाहताना माझे डोळे सारखे दाराबाहेरच्या माणसांना शोधत राहिले. ती माणसे येतात, पण थोडा वेळ. 'बाई' आणि 'दोघी' करणाऱ्या दिग्दर्शिकेकडून माझी अपेक्षा अधिक होती. कदाचित हा चित्रपट त्यांच्या स्वतःच्या समाजाने स्वतःला विचारलेला प्रश्न असेल, आणि तसे पाहिले तर आईचे ते वेड हेच त्याचे उत्तर आहे. प्राध्यापक मंडळी याबाबत माझ्याशी सहमत होणार नाहीत, याची मला कल्पना आहे.

'दहावी फ'विषयी मात्र मतभेद होण्याचे कारण नाही. शाळेत हुशार मुलांची 'अ' तुकडी आणि कमी गुणांच्या मुलांची 'फ' तुकडी. 'फ'मधली मुले कोण असतात? ज्यांच्या घरी अभ्यासाला टेबल नाही, ज्यांची आई धुणीभांडी करते, ज्यांना शिकवणी परवडत नाही ती. अपमान सहन न होऊन ही मुले शाळेतल्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात. अतुल कुलकर्णी यांनी उभे केलेले सर त्यांना पाठीशी घालत नाहीत आणि पोलिसांच्या स्वाधीनही करत नाहीत. नुकसान तुम्ही केले, तुम्हीच कष्ट करून भरून द्या, या मार्गाला ते मुलांना लावतात. ज्याला शाळेत मागच्या बाकावर बसवले गेले त्याने हा चित्रपट एकट्याने पाहावा, म्हणजे डोळे पुसायला संकोच होणार नाही. मीही ज्या शाळेत शिकले तिथे गुणांप्रमाणे ओळी लावत. आमच्या ओळीतून महाविद्यालयात पोचलेली मी एकटी. बाकीच्या मुली कमी हुशार होत्या असे मला आजही वाटत नाही.

पुढच्या काळात सुमित्राबाईंचे लक्ष माणसाच्या मनाकडे आणि आजारांकडे वळलेले दिसते. २००४चा 'देवराई' हा स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाचा आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचा चित्रपट. 'नितळ' (२००६) अंगावर कोड असलेल्या एका डॉक्टर मुलीचा. आपल्याकडे कोड असलेल्या मुलीचे लग्न हा विषय दबक्या आवाजात बोलला जातो. त्या चित्रपटात तो घरातल्या सगळ्या माणसांसमोर मांडला आहे. मध्येच २००९ साली 'एक कप च्या' आला. कोकणातल्या एस. टी. कंडक्टरच्या घरी विजेचे अवाच्या सवा बिल येते आणि तो माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला शिकतो. कंडक्टरचे काम किशोर कदम यांनी केले आहे. हा कायदा २००५ साली झाला, आपण तो राज्यशास्त्रात पाठ करतो. अर्ज कसा लिहायचा, कुठे द्यायचा, आणि तो देताना साध्या माणसाचे हात का थरथरतात, हे त्या चित्रपटात अधिक चांगले समजते.

'अस्तु'बद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. संस्कृतचे एक मोठे पंडित स्मृतिभ्रंशाने हळूहळू सारे विसरू लागतात. हे काम डॉ. मोहन आगाशे यांनी केले आहे, आणि ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. एके दिवशी गाडीत बसलेले असताना त्यांना रस्त्यात हत्ती दिसतो आणि लहान मुलासारखे ते त्याच्या मागे निघून जातात. घरचे लोक शोधत फिरतात. इकडे माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला जेवू घालते, त्याची स्वच्छता करते, त्याला झोपवते. ती कानडी बोलते. पंडितांना आपले नावही आठवत नाही. मुलगी शिकलेली, प्रेमळ, पण वडिलांचा आजार तिला पेलवत नाही, कारण तिला ते पूर्वी कोण होते हे माहीत आहे. चन्नम्माला ते माहीत नाही, म्हणून ती त्यांना आहे तसे घेते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा आणि सुमित्राबाईंना संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'बाई'पासून तीस वर्षांनीही अक्षर न ओळखणाऱ्या बाईकडे असलेले शहाणपण त्या विसरलेल्या नव्हत्या.

पण हाच 'अस्तु' २०१३ साली पूर्ण होऊनही चित्रपटगृहांत यायला २०१६ साल उजाडले, आणि तेही लोकवर्गणी गोळा करून. त्यानंतरचा 'कासव'. निराशेने स्वतःचा जीव घ्यायला निघालेला एक तरुण आणि त्याला काही न विचारता आसरा देणारी एक बाई यांची ही गोष्ट कोकणच्या किनाऱ्यावर, समुद्री कासवांची अंडी जपणाऱ्या माणसांच्या सोबतीने घडते. २०१७ साली जाहीर झालेल्या ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'कासव'ला देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. हा मान मराठीत प्रथम १९५४ साली 'श्यामची आई'ने मिळवला, आणि त्यानंतर 'श्वास'पर्यंत पन्नास वर्षे थांबावे लागले होते. म्हणजे केवढी मोठी गोष्ट! परंतु आमच्या गावात चौकशी करा. 'कासव' नावाचा चित्रपट होता हे कोणालाही माहीत नाही.

येथे मला एक मोठी विसंगती दिसते. वाचता न येणाऱ्यांपर्यंत पोचावे म्हणून ज्या बाईने चित्रपट हे माध्यम निवडले, तिचे चित्रपट महोत्सवांत, परिसंवादांत आणि शिकलेल्या लोकांतच अधिक फिरले. याचा दोष मी त्यांना देत नाही. चित्रपट तयार करायला जेवढा पैसा लागतो तेवढाच, किंबहुना कधी अधिक, तो चित्रपटगृहांपर्यंत न्यायला लागतो. मोठा नट नाही, मारामारी नाही, मग खेळ मिळतो सकाळचा किंवा दुपारचा, एखाद्या आठवड्यापुरता, आणि तोही पुण्या-मुंबईत. 'खेड्यातल्या लोकांना असले गंभीर चालत नाही' हे कारण मात्र मला मान्य नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत रडवणारे प्रसंग काय कमी असतात? हुंडा, दारू, भावाभावांतली वाटणी यांवरची नाटके आमची माणसे रात्र जागून, पदरचे पैसे मोडून बघतात. माणसे येत नाहीत असे नसून चित्रपटच येत नाही. नाटक कंपनी आपला सारा संच गाडीत घालून गावात येते, आणि बाया धान चुरण्याच्या दिवसांतही तिथे पोचतात.

सुमारे पन्नास लघुपट, डझनाहून अधिक कथापट आणि काही दूरदर्शन मालिका एवढे काम मागे ठेवून सुमित्रा भावे यांनी १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात देह ठेवला. तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या. त्यांच्याबरोबर काम केलेली कितीतरी माणसे त्यांना 'मावशी' म्हणत.

त्यांचा शेवटचा चित्रपट 'दिठी'. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. रामजी लोहार हा वर्षानुवर्षे पंढरीची वारी करणारा वारकरी. त्याचा तरुण मुलगा पुरात वाहून जातो आणि इकडे सून बाळंत होऊन मुलगी होते. रामजी त्या मायलेकींचे तोंडही बघायला तयार नाही. पावसाळ्याच्या एका रात्री गावातली गाय अडते आणि वासरू सोडवायला रामजीलाच बोलावणे येते, कारण ती कला त्याच्याच हातात असते. किशोर कदम यांनी केलेला हा रामजी बोलतो फार थोडे. त्या वेळी करोनामुळे चित्रपटगृहांना कुलूप होते, म्हणून सुमित्राबाईंच्या निधनानंतर महिन्याभराने, २१ मे २०२१ रोजी 'दिठी' इंटरनेटवर प्रदर्शित झाला. पुण्यातल्या माणसाला तो ज्या दिवशी पाहता आला, त्याच दिवशी वैनगंगेकाठच्या आमच्या गावातही पाहता आला असता. गावात त्या दिवशी तो कोणी पाहिला नाही. मी पाहिला तो पुष्कळ उशिरा, मैत्रिणीच्या मोबाईलवर. मायला अजून दाखवायचा राहिला आहे. आमच्या गोठ्यातली गाय दोनदा तिनेच सोडवली आहे, तेव्हा ती या चित्रपटात काय काय चुका काढील ते पाहायचे आहे. रोवणी आटोपली की बघू, असे ती म्हणाली आहे.